अठरा हजार रुपयांचा प्रवेश सल्लागार: येळ्ळूरच्या एका पालकाचा अभिप्राय

मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतील एका सल्लागारांची मदत घेतली आणि त्यासाठी अठरा हजार रुपये मोजले. हे सल्लागार म्हणजे पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक. आरपीडी कॉर्नरपासून चालत पाच मिनिटांवर, राहत्या घराच्या माडीवर ते पालकांना भेटतात. त्यांनी दारावर पाटी लावलेली नाही, वर्षाला पंचवीसच मुले ते घेतात आणि आपले नाव कुठे लिहू नये असे त्यांनी आम्हाला सांगितले आहे, म्हणून मी येथे त्यांना नुसते सर म्हणते. मी पतसंस्थेत नोकरी करते, यजमानांची येळ्ळूरच्या शिवारात भातशेती आहे, आणि आमच्या दोघांच्याही घरात याआधी कोणी इंजिनिअरिंगला गेलेले नाही. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, ज्या घरात थोरला भाऊ किंवा मामा या वाटेने जाऊन आलेला आहे त्या घराला या सेवेची किंमत कदाचित वेगळी वाटेल.

सरांकडे जाण्यापूर्वी आम्ही दोन फुकट मार्गदर्शन शिबिरांना जाऊन आलो होतो. एक हॉटेलच्या हॉलमध्ये होते, तेथे चहा-बिस्किटे मिळाली, मुलीच्या हातात रंगीत पिशवी पडली आणि दुसऱ्या दिवसापासून बंगळूरहून फोन सुरू झाले. फुकट सल्ला देणाऱ्यांचा खर्च कोण भरते, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. सरांनी पहिल्याच भेटीत तो न विचारता उलगडून सांगितला: मॅनेजमेंट कोट्यातील जागा भरून दिली की काही कॉलेजे मध्यस्थाला दर प्रवेशामागे रक्कम देतात, त्यामुळे तो मध्यस्थ पालकाचा नसतो, कॉलेजचा असतो. आपण कोणत्याही कॉलेजकडून काही घेत नाही, हे त्यांनी आमच्या मागणीवरून एका साध्या कागदावर लिहून सही करून दिले. पावती मात्र दोनदा मागितल्यावर मिळाली, आणि तीही पहिल्या हप्त्याचीच.

सेवेचा खरा कस लागला तो कागदपत्रांत. सरांनी डिसेंबरमध्येच मुलीचे पहिलीपासूनचे सगळे दाखले मागवले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. मुलगी पहिली ते सातवी गावातल्या सरकारी मराठी शाळेत आणि आठवी ते दहावी गावातल्याच हायस्कूलमध्ये शिकली. पीयूसाठी मात्र ती शहरात आली. कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, ग्रामीण कोटा असतो हे आम्ही ऐकले होते, पण तो कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी असतो अशी आमच्या गल्लीतच नव्हे, तर शाळेच्या स्टाफरूममध्येही समजूत होती. सरांनी ती समजूत एका वाक्यात मोडून काढली. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी पंधरा टक्के जागा आणि पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी पाच टक्के जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; ग्रामीण कोट्यात शाळा कोणत्या गावात होती हे पाहतात, कन्नड माध्यमाच्या कोट्यात शिकण्याची भाषा कोणती होती हे पाहतात. केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या, कटऑफच्या तक्त्यात थ्री-बी या मागास प्रवर्गाचे तीन रकाने असतात: थ्रीबीजी (जनरल), थ्रीबीआर (ग्रामीण) आणि थ्रीबीके (कन्नड माध्यम). आम्ही मराठा म्हणून थ्री-बीमध्ये येतो एवढे आम्हाला ठाऊक होते. त्यातला आर आपला आहे हे ठाऊक नव्हते. सरांनी मागच्या तीन वर्षांचे तक्ते छापून ठेवलेले होते आणि पट्टी धरून लाल पेन्सिलीने त्या एका रकान्याखाली रेघ ओढली. त्याच कॉलेजात, त्याच शाखेत आर रकान्याचा शेवटचा रँक जनरलपेक्षा काही हजारांनी मागे गेलेला दिसत होता. अठरा हजारांतले निम्मे तरी त्या रेघेत वसूल झाले, असे मी यजमानांना घरी येऊन सांगितले.

हा कोटा मागायचा तर ग्रामीण शिक्षणाचा दाखला दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांकडून घेऊन त्यावर बीईओंची, म्हणजे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिस्वाक्षरी आणावी लागते. आम्ही स्वतःहून हे केले असते तर मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागल्यावर केले असते आणि मुख्याध्यापकांना शोधत हिंडलो असतो. सरांमुळे ते काम जानेवारीत उरकले.

त्याहून बारीक गोष्ट मुलीच्या नावातील 'ती' या अक्षराची. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे नाव इंग्रजीत टी-आय असे संपते. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढलेल्या जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र कर्नाटकी वळणाने टीपुढे एच घातलेला होता. आम्ही तो दाखला पाच वर्षे कपाटात ठेवला होता, शिष्यवृत्तीला दोनदा जोडलाही होता, पण हा एच कोणाच्या नजरेला पडला नव्हता. सरांनी तो चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाजवळ धरून शोधला आणि म्हणाले, "हा दाखला नवा काढा. दाखल्यावरचा आरडी नंबर संगणकात टाकला की नाव समोर येते, तेव्हा वाद घालायला तिथे माणूस बसलेला नसतो." नवा दाखला हातात यायला तीन आठवडे गेले. गावाकडच्या प्रत्येक मराठी पालकाने आपापल्या कपाटातले दाखले याच एका अक्षरासाठी काढून पाहावेत. ज्योती, स्वाती, आरती, मारुती या नावांच्या घरांनी तर आजच पाहावेत.

आता महाराष्ट्राची बाजू. आमच्या भागातील किती पालकांना हे ठाऊक आहे मला माहीत नाही, पण महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी टाइप ई अशी वेगळी पात्रता आहे. त्यासाठी दोन प्रमाणपत्रे लागतात: जी-एक, म्हणजे विद्यार्थी सीमाभागातला असल्याचे, आणि जी-दोन, म्हणजे त्याची मातृभाषा मराठी असल्याचे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्यांत आमचे गाव आहे. २०१४ साली वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' हा फलक हटवला गेला तेव्हा गावाने लाठीमार पाहिला, आणि इतक्या वर्षांच्या त्या वादातून माझ्या लेकीच्या वाट्याला आलेले हे बहुधा एकमेव कागदी फळ असावे. सरांनी ही वाट आम्हाला दाखवली याचे श्रेय त्यांचेच आहे. तिकडे आपला थ्री-बीचा दाखला उपयोगी नाही, कारण महाराष्ट्रात असा प्रवर्गच नाही, आणि म्हणून कोल्हापूर-सांगलीचे गणित खुल्या प्रवर्गातून मांडावे लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. खोटी आशा त्यांनी एकदाही दाखवली नाही.

परंतु याच बाजूला त्यांची सेवा लंगडी पडली. त्यांनी दिलेला जी-एकचा नमुना आदल्या वर्षीच्या पुस्तिकेतला निघाला. आम्ही तो भरून, सही-शिक्का घेऊन, लॅमिनेशनसुद्धा करून बसलो होतो, आणि नवी माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाल्यावर मुलीनेच दोन्ही कागद शेजारी ठेवून मजकुरातील फरक दाखवला. पुन्हा अर्ज, पुन्हा तीन फेऱ्या, पतसंस्थेतून पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा. सरांना विचारले तेव्हा त्यांनी चूक मान्य केली, पण "तुम्हीही वेबसाइट पाहत जा" असे वर सुनावले. वेबसाइट आम्हीच पाहायची असेल तर माडी चढायची कशासाठी, हे मी त्यांना तेव्हा म्हणाले नाही, येथे म्हणते.

परीक्षेबाबत त्यांचा सल्ला मात्र नेमका होता. कर्नाटकच्या सीईटीत इंजिनिअरिंगचा रँक अर्धा सीईटीच्या आणि अर्धा पीयूच्या भौतिक, रसायन, गणित या विषयांतील गुणांवर ठरतो. महाराष्ट्राच्या सीईटीत बारावीचे गुण पात्रतेपुरते, रँक केवळ परीक्षेवर. इकडे साठ प्रश्नांना ऐंशी मिनिटे आणि कागदी ओएमआर पत्रिका. तिकडे संगणकासमोर बसून परीक्षा आणि अकरावीच्या भागालाही वीस टक्के वजन. आमची मुलगी पाठ करण्यात आणि नीटनेटके लिहिण्यात पक्की, पण घाईत गडबडणारी. तिच्या तिमाहीच्या पेपरांवरून सरांनी ओळखले की तिचे बळ पीयू बोर्डाच्या गुणांत आहे, म्हणून फेब्रुवारीत तिने क्लासच्या सराव चाचण्या कमी कराव्यात आणि बोर्डाचे पेपर सोडवावेत. क्लासवाल्यांनी नेमके उलट सांगितले असते. महाराष्ट्राच्या परीक्षेला ती कोल्हापूरला जाऊन बसली. संगणकावर परीक्षा देण्याची ती तिची पहिलीच वेळ होती आणि निकालात ते दिसले. कॉमेडकेच्या, म्हणजे कर्नाटकातील खासगी कॉलेजांच्या वेगळ्या, परीक्षेला बसू नका, असे सरांनीच सुचवले, कारण त्या मार्गाने मिळणाऱ्या जागेची फी तुम्हाला झेपणार नाही. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला कर्ज काढायचा सल्ला न देणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

निकाल लागल्यानंतर ऑप्शन एन्ट्रीच्या, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीची यादी भरण्याच्या, दिवसांत रोपलावणी सुरू होती, त्यामुळे यजमान येऊ शकले नाहीत आणि माडीवर मी आणि मुलगी अशा दोघीच गेलो. सरांची पद्धत अशी की कॉलेजे आणि शाखा छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून मुलीने त्या स्वतःच्या हाताने एकीखाली एक लावायच्या, आणि प्रत्येक दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये थांबून उत्तर द्यायचे: या दोन्ही मिळाल्या तर खरेच वरची घेशील का? ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते, पण केईएच्या पद्धतीत हाच प्रश्न सगळ्यात महागाचा आहे. पहिल्या फेरीत जागा मिळाली की चार पर्याय समोर येतात. पहिला, जागा पसंत आहे आणि तीच घेणार. दुसरा, ही जागा शुल्क भरून राखणार, पण वरच्या पर्यायांसाठी पुढच्या फेरीत उतरणार. तिसरा, ही जागा सोडून पुढच्या फेरीत जाणार. चौथा, बाहेर पडणार. दुसरा पर्याय घेतलेल्याला पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा मिळाली तर आधीची आपोआप जाते. मागून रडून ती परत मिळत नाही. म्हणून मनाविरुद्ध, नुसत्या नावासाठी यादीत वर ठेवलेले कॉलेज हा स्वतःच्याच घराला लावलेला सुरुंग असतो. मुलीने त्या संध्याकाळी दोन चिठ्ठ्या उचलून बाजूला ठेवल्या, दोन्ही बंगळूरच्या.

येथे सरांचा आणि आमचा मतभेद झाला. सरांना बंगळूरचे वेड आहे. कंपन्या तिथे, इंटर्नशिप तिथे, मुले धीट होतात, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण जिच्या पदवीसाठी आमची मुले पाचशे किलोमीटर लांब जाऊन भाड्याच्या खोलीत राहतात त्या व्हीटीयूचे, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे, मुख्यालय १९९८ पासून आपल्या जिल्ह्यातच, माच्छेजवळ आहे, आणि येळ्ळूरहून निघालेली मुलगी उद्यमबागेतील किंवा शहरातील कॉलेज करून संध्याकाळी घरी जेवायला येऊ शकते. मुलीलाही तेच हवे होते. सरांनी चार दिवसांत तीनदा तो विषय पुन्हा काढला, दुसऱ्यांदा तर मला बाजूला घेऊन. सल्लागाराने मत द्यावे, एकदा ठामपणे द्यावे. त्यानंतर चिठ्ठ्या ज्याच्या हातात आहेत त्याचे ऐकावे. या एका बाबतीत मी त्यांना दहापैकी चारच गुण देईन.

आणि मग तो दिवस. पहिल्या फेरीत मुलीला तिच्या यादीतील पाचवी जागा मिळाली: बेळगावातच, इलेक्ट्रॉनिक्स शाखा. आता जागा पक्की करायची की दुसरा पर्याय घेऊन कॉम्प्युटर सायन्ससाठी थांबायचे, हे दोन दिवसांत ठरवायचे होते. सरांचा फोन बंद. ते गोव्याला नात्यातील लग्नाला गेले होते, आणि त्यांच्या माडीवर बसलेल्या तरुणाने आमची फाइलही न उघडता "सगळे दुसराच घेतात" असे सांगितले. सगळे म्हणजे कोण, त्यांच्या यादीत वर काय होते, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. अठरा हजार रुपये ज्या अठ्ठेचाळीस तासांसाठी द्यायचे, नेमक्या त्या अठ्ठेचाळीस तासांत सल्लागार उपलब्ध नसणे ही किरकोळ त्रुटी नव्हे. लग्नाची तारीख त्यांना महिनाभर आधी ठाऊक असणार. आम्हाला एका शब्दाने सांगितले असते तर आम्ही त्याआधीच बसून दोन्ही शक्यतांचा विचार केला असता.

शेवटी त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर त्याच चिठ्ठ्या मांडल्या. यजमान चिखलाचे पाय धुऊन आले, त्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिले आणि एवढेच विचारले की वरच्या चारांपैकी नको वाटणारी एखादी अजून राहिली आहे का. एकही नव्हती, चारही याच शहरातल्या किंवा हुबळी-धारवाडच्या होत्या. म्हणजे दुसरा पर्याय घेण्यात धोका नव्हता. शुल्क भरले, जागा राखली, पुढच्या फेरीत वरचे काही मिळाले नाही, आणि मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला गेली. सर परत आल्यावर "मीही हेच सांगितले असते" असे म्हणाले. तसे असेलही. त्यांची पद्धत आमच्या डोक्यात बसली होती म्हणूनच त्यांच्यावाचून आमचे भागले, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या हप्त्यातले दोन हजार रुपये मी कमी करून मागितले आणि त्यांनी वाद न घालता परत दिले. म्हणजे प्रत्यक्ष खर्च सोळा हजार.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. केईएच्या खात्याचा पासवर्ड त्यांनी कधीही मागितला नाही, आणि ओटीपी आला की मोबाइल मुलीच्या हातात द्यायला सांगून स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या खात्याला मध्यस्थाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे, आणि त्याच्या वडिलांना त्यात काही वावगे वाटत नाही. ज्यांना प्रवेश घ्यायचाच नाही अशा मुलांच्या लॉगिनमधून जागा अडवून ठेवल्याचे प्रकरण २०२४ साली उघडकीस आले, केईएनेच पोलिसांत तक्रार केली आणि अटकाही झाल्या. हे सगळे छापून आलेले असताना पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत लिहून देणाऱ्या पालकाला काय म्हणावे?

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांचे मूल शहरातल्या शाळेत शिकलेले आहे, ज्यांना फक्त कर्नाटकच्याच जागांचा विचार करायचा आहे आणि ज्यांच्या घरात कोणी कन्नड किंवा इंग्रजी परिपत्रक निवांत वाचू शकते, त्यांनी पैसे वाचवावेत. मागील वर्षांचे कटऑफ केईएच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, मॉक अलॉटमेंटमध्ये, म्हणजे जागावाटपाच्या रंगीत तालमीत, आपण कुठे उभे आहोत ते कळते आणि त्यानंतर यादी पुन्हा लावताही येते. ज्यांचे मूल मराठी शाळेतून, खेड्यातून आलेले आहे आणि ज्यांना कोल्हापूर-पुण्याचे दारही उघडे ठेवायचे आहे, त्यांचे काम दुप्पट असते, कारण दोन राज्यांच्या दोन पुस्तिका, दोन वेळापत्रके आणि दोन भाषांतले शिक्के एकाच फाइलीत बसवावे लागतात. आमची फाइल तशी होती. केईएची सूचना कन्नडमध्ये येते, आमच्या घरात ती फक्त मुलगी अडखळत वाचते, आणि सर ती वाचून लगेच मराठीत अर्थ सांगत; कॉलेज कोणते घ्यावे हे सांगण्यापेक्षा मला त्यांचे हे काम मोलाचे वाटले.

धाकटा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याला अकरावी-बारावीसाठी कोल्हापूरला ठेवावे असे यजमानांच्या मनात होते. तेवढ्यासाठी मी पुन्हा एकदा माडी चढले आणि पाचशे रुपये देऊन अर्धा तास घेतला. सर म्हणाले, पहिलीपासून दहावीपर्यंत इथेच शिकून दहावी कर्नाटकातून पास झाला तर सीईटीची पात्रता जात नाही, पण उद्या जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीचा, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेचा, विचार झाला तर बारावी जिथून होते ते राज्य धरले जाते, मग आपल्या हक्काचे सुरतकल, म्हणजे कर्नाटकातील एनआयटी, त्याला परके होईल. हे त्यांनी वहीत पाहून नव्हे, तोंडपाठ सांगितले, आणि या वेळी निघताना मी न मागताच त्यांनी पावती फाडून दिली. ज्यांना जायचे आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच जावे, दोन्ही शाळांचे दाखले आणि आरडी नंबरचा दाखला मूळ प्रतीसह न्यावा, आणि जून-जुलैमध्ये सरांच्या घरी कोणाचे लग्न आहे का, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.